जन्मतारीख १ जून, आणि सोळा ते अठराच्या मधली मुलं

प्रश्न परभणी जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांचा आहे. त्यांच्या दहावीतला एक मुलगा खुनाच्या गुन्ह्यात निरीक्षणगृहात आहे. यात्रेत भांडण झालं आणि गावातल्याच दुसऱ्या मुलाचा जीव गेला. पोलिसांनी शाळेकडे जन्मतारखेचा दाखला मागितलाय. एका बाजूचे लोक म्हणतात, "सर, तारीख बघून द्या, सुटता कामा नये." दुसऱ्या बाजूचे म्हणतात, "लेकरू हाय, एखादं वर्ष कमी करा." सरांनी मला दोन गोष्टी विचारल्यात. दाखला कसा द्यायचा? आणि सोळाच्या पुढच्या मुलाला मोठ्या माणसासारखं कोर्टात उभं करणं बरोबर आहे का, की हे वय परत सरसकट अठरा करा म्हणणाऱ्यांचं खरं आहे?

सर, मी महिला व बालविकास विभागात परिविक्षा अधिकारी म्हणून सत्तावीस वर्षं काम केलं. सगळी नोकरी मराठवाड्यात झाली. अशा मुलांच्या घरी जाऊन गृहचौकशी करायची आणि अहवाल बाल न्याय मंडळापुढे, म्हणजे अठराच्या आतल्या आरोपींची चौकशी करणाऱ्या मंडळापुढे, ठेवायचा, हे माझं काम. म्हणून आधी सरळ उत्तर देते. अठराच्या आतल्या कुठल्याही मुलाचा खटला मोठ्यांच्या पद्धतीनं चालू नये, गुन्हा खुनाचा असला तरी. २०१५ च्या कायद्यानं सोळा ते अठरा वयासाठी जी वाट उघडली, ती बंद व्हायला हवी. का, ते सांगते. तुमच्या दाखल्याचा प्रश्नही त्यातच अडकलेला आहे. पुढे ज्या मुलांबद्दल लिहिलंय त्यांचे तपशील मी बदललेत. ओळख उघड करायला कायद्याची मनाई आहे, आणि त्यांना अजून त्याच गावांत राहायचंय.

आधी हे वय कसं वरखाली होत गेलं ते बघा. मुंबई राज्याच्या १९४८ च्या कायद्यात मर्यादा सोळाची होती. १९८६ च्या केंद्रीय कायद्यात मुलगा सोळा आणि मुलगी अठरा असा फरक ठेवला. १९९२ मध्ये भारतानं संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला, त्यात मूल म्हणजे अठराच्या आतलं. २००० च्या कायद्यानं मग दोघांनाही अठरा केलं. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत बसमध्ये जे घडलं त्यात एक आरोपी अठराला काही महिने कमी होता. सगळा देश पेटला आणि वय खाली आणा ही मागणी आली. त्या घटनेनंतर कायदे सुधारायला नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीनं नको म्हणून सांगितलं. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वय कमी करायला नकार दिला. संसदेच्या स्थायी समितीनंही विरोध नोंदवला. तरी कायदा बदलला आणि १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला.

आज कागदावर मूल म्हणजे अठराच्या आतलंच आहे. पण सोळा पूर्ण झालेल्या मुलावर कमीत कमी सात वर्षं शिक्षा असलेला गुन्हा असेल, तर मंडळानं तीन महिन्यांत त्याचं 'प्राथमिक मूल्यांकन' करायचं. असा गुन्हा करण्याची त्याची शारीरिक आणि मानसिक क्षमता होती का, परिणाम कळत होते का, परिस्थिती काय होती, हे तपासायचं. मंडळाला वाटलं तर प्रकरण बाल न्यायालयाकडे जातं, म्हणजे सत्र न्यायालयात. तिथं मोठ्यांसारखा खटला चालू शकतो. फाशी नाही, सुटकेची आशाच नाही अशी जन्मठेपही नाही. बाकी मोठ्यांना असते ती शिक्षा होऊ शकते. एकविसाव्या वर्षापर्यंत त्याला वेगळ्या सुरक्षित जागी ठेवतात. मग सुधारला की नाही ते बघून सोडायचं की तुरुंगात पाठवायचं ते ठरतं.

म्हणजे सोळा ही एक रेषा आणि अठरा ही दुसरी. आता या रेषा आमच्याकडच्या मुलांवर कशा पडतात ते बघा.

बालाघाटाच्या डोंगरातलं गाव. ऑगस्टमध्ये गुन्हा घडला, सप्टेंबरात मी गृहचौकशीला गेले. पत्र्याचं घर, दारात शेळी. मुलाच्या आईनं एक कॅरीबॅग आणून माझ्यापुढे पालथी केली. रेशनकार्ड, आधारकार्ड, बँकेचं पासबुक आणि पाण्यात भिजून शाई पसरलेलं लसीकरणाचं कार्ड. शाळेच्या नोंदीप्रमाणे मुलगा सोळा वर्षं दोन महिन्यांचा. मी आईला विचारलं, कधी झाला हा? ती म्हणाली, "फडावर झाला मॅडम. कोल्हापूरकडं होतो आम्ही. थंडी लई होती. पाचटाच्या कोपीतच झाला. पट्टा पडायला लई टाइम होता अजून."

ऊसतोडीचा फड, थंडी, पट्टा पडायला म्हणजे हंगाम संपायला अजून अवकाश, म्हणजे डिसेंबर-जानेवारी. आणि शाळेच्या रजिस्टरात तारीख १ जून.

सर, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. शाळा जूनमध्ये भरते. पोरगं पहिलीला बसवायचं तर सहा पूर्ण दाखवायचं, म्हणून गुरुजींनी १ जून टाकायचं. आमच्या भागात एका वर्गात दहा-बारा मुलांचा वाढदिवस एकाच दिवशी असतो. गुरुजींचा हेतू चांगला असतो, मूल घरी बसू नये एवढाच. पण आई म्हणते तसं तो त्याच वर्षीच्या थंडीत झाला असेल, तर गुन्ह्याच्या दिवशी तो पंधरा वर्षं आठ महिन्यांचा होता. म्हणजे मूल्यांकनाचा प्रश्नच येत नव्हता. मी अंगणवाडीत गेले. सेविकेनं ट्रंकेतून जुनं रजिस्टर काढलं. घरचे फडावरून परत आल्यावरची, एप्रिलमधली नोंद होती: 'मुलगा, ४ महिने', आणि पुढे वजन. मी त्याचा फोटो अहवालाला जोडला.

त्याचा उपयोग झाला नाही. वय ठरवायचा क्रम कायद्यात बांधून दिलाय. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा बोर्डाचं प्रमाणपत्र. ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला. तोही नसेल तर हाडांची तपासणी. अंगणवाडीचं रजिस्टर त्यात बसत नाही. शाळेचा दाखला होता, मंडळानं तो धरला. मूल्यांकन झालं, प्रकरण बाल न्यायालयात गेलं. तिथं पुन्हा स्वतंत्रपणे बघितलं गेलं आणि मोठ्यांसारखा खटला चालवायची गरज नाही असा निर्णय झाला. तोवर दीड वर्ष गेलं होतं. दहावीची परीक्षा दोनदा हुकली.

जामिनाचं म्हणाल, तर कायदा मुलाला जामीन द्यायच्याच बाजूचा आहे. पण सोडायचं कुणाच्या ताब्यात? आईबापांनी मुकादमाकडून उचल घेतलेली. दसरा झाला की ट्रक येणार. आई मला म्हणाली, "आम्ही गेल्यावर तारखेला कोण यायचं?" घरी आजी, तिला धड दिसत नाही. आईबाप फडावर आणि मुलगा आत, असा तो हंगाम गेला. ज्याच्या घरचे तालुक्याला राहतात त्याला आठवड्यात सोडलेलं मी पाहिलंय. गुन्हा त्याच कलमाचा.

आता मूल्यांकनाबद्दल. हे मी जवळून पाहिलंय आणि मला ते कधीच पटलं नाही. जिल्हा रुग्णालयातून मानसोपचाराचे डॉक्टर येतात किंवा मुलाला तिकडे नेतात. बाहेर ओपीडीची रांग. वीस-पंचवीस मिनिटं मिळतात. विचारतात, "कुणाला मारलं तर माणूस मरतो, माहीत आहे का?" मुलगा म्हणतो, "हो." "खून केल्यावर काय होतं?" "जेल होते." झालं. परिणाम कळतात, असं लिहिलं जातं. अहो, आठ वर्षांचं पोरही हेच सांगेल. चार मित्र बघतायत, समोरचा आईवरून शिवी देतोय, हातात काठी आहे. त्या क्षणी हात आवरता येतो का, हा खरा प्रश्न आहे. मेंदूचा आवर घालणारा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो, हे आता विज्ञानानं मान्य केलंय. घटनेनंतर तीन महिन्यांनी, पंख्याखाली बसवून, त्या क्षणीचं मन मोजायचं कोणतंही साधन कुठल्याही डॉक्टरकडे नाही. बरेच डॉक्टर हे स्वतःच सांगतात. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं की मंडळात बालमानसशास्त्र शिकलेलं कुणी नसेल तर तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे. चांगलं झालं. पण तज्ज्ञ बसवला म्हणून न मोजता येणारी गोष्ट मोजता येत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार टोचते. हे सगळं गुन्हा सिद्ध व्हायच्या आधी होतं. मुलानं तो केला असं धरूनच "का केलास, कसा केलास" विचारलं जातं. खरं बोलला तर 'समज आहे', गप्प बसला तर 'पश्चात्ताप नाही'. एका मुलानं मला विचारलं होतं, "मॅडम, म्या नव्हतो तिथं, मग काय सांगू?" त्याला काय सांगायचं होतं मी?

'सात वर्षांचा' निकष कसा चालतो तेही बघा. मे २०२४ मध्ये पुण्यात अल्पवयीन मुलाच्या गाडीनं दोघांचा जीव गेला. तीनशे शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन मिळाला आणि महाराष्ट्र खवळला. तो संताप मला समजतो. पोलिसांनी त्याचा खटला मोठ्यांसारखा चालवा म्हणून मागणी केली. जुलै २०२५ मध्ये मंडळानं ती फेटाळली. सदोष मनुष्यवधाला किमान सात वर्षांची शिक्षाच नाही. आणि किमान शिक्षा सात वर्षं नसेल तर तो गुन्हा मूल्यांकन लागणाऱ्या वर्गात धरायचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्येच सांगितलं होतं. आता दुसरीकडे बघा. सतरा वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांची मुलगी, दोघं ऊसतोड मजुरांची, टोळीतून पळून मामाच्या गावी गेले. मुलीच्या बापानं तक्रार दिली. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, लागला, किमान शिक्षा दहा वर्षं. मुलगी सोळाच्या आतली असती तर वीस. हा मुलगा थेट त्या वर्गात बसतो. ज्या भागात मुलींची लग्नं सोळाव्या वर्षी मांडव घालून लावली जातात, तिथं पळून गेलेल्या पोराचं मूल्यांकन करायला मी बसत होते. मुलगी म्हणत होती, मी माझ्या मनानं गेले. ती अल्पवयीन, म्हणून तिच्या म्हणण्याला किंमत नाही. तो मात्र मोठा धरायचा!

"पण तीन वर्षांत सुटतो ना?" हे तुमच्या गावात सगळे म्हणत असतील, कारण मंडळ मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षंच सुधारगृहात ठेवू शकतं. सोळाव्या वर्षी तीन वर्षं घरापासून तोडणं ही लहान शिक्षा नाही. आणि मोठ्यांच्या कोर्टात शिक्षा लवकर आणि नक्की होते, असं कुणी सांगितलं? तिथं साक्षीदार फुटतात, तारखा पडतात. मुलांच्या मंडळापुढे चौकशी चार महिन्यांत संपवायची असते. ती संपत नाही हे खरंय, तिथं जोर लावायला हवा.

मोठा धरल्यावर मुलाचं कायमचं काय जातं ते सांगते. मंडळापुढे ज्याचं प्रकरण निकाली निघतं त्याला पुढे नोकरीला अडचण येऊ नये अशी तरतूद आहे. पोलिसांनी चारित्र्य पडताळणीत ते सांगायचं नाही, नोंदीही काही काळानं नष्ट करायच्या. मोठा धरून ज्याला दोषी ठरवलं त्याला हे संरक्षण नाही. पहाटे पाचला तुमच्या गावाच्या रस्त्यावर पोलीस भरतीसाठी पळणारी पोरं बघा. आमच्याकडे शेतीबाहेर तेवढंच एक दार दिसतं. ते सोळाव्या वर्षी बंद झालेला मुलगा काय करतो? वाळूच्या धंद्यात जातो. गोदावरीच्या पट्ट्यात तहसीलचं पथक कुठं आहे त्याचं 'लोकेशन' द्यायला मोटारसायकलवर अशीच पोरं बसवलेली असतात. मुलांना गुन्ह्यात वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड आहे, कलम ८३. ते कलम लागलेलं मी माझ्या नोकरीत दोनदा पाहिलं. पोरांना मोठं धरायची घाई असते, त्यांना वापरणाऱ्या मोठ्यांना हात लावायची नसते.

बाहेरच्या देशांत काय चाललंय तेही बघा. न्यूयॉर्क राज्यात सोळा वर्षांचा मुलगा आपोआप प्रौढ धरला जायचा. कलिफ ब्राउडर नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाला २०१० मध्ये एक बॅग चोरल्याच्या आरोपावरून पकडलं. खटला न चालताच तो तीन वर्षं मोठ्यांच्या तुरुंगात राहिला, त्यातला बराच काळ एकांतकोठडीत. सुटल्यावर २०१५ मध्ये त्यानं जीव दिला. २०१७ मध्ये राज्यानं कायदा केला. ऑक्टोबर २०१८ पासून सोळा वर्षांच्या आणि ऑक्टोबर २०१९ पासून सतरा वर्षांच्या मुलांना वेगळं धरायला सुरुवात झाली. गंभीर गुन्ह्यांसाठी प्रौढ न्यायालयातच तरुणांचा वेगळा कक्ष ठेवला. नॉर्थ कॅरोलायनानंही २०१९ च्या डिसेंबरात वय वाढवलं. हे निव्वळ दयेपोटी झालं नाही. तिथल्या सीडीसी या आरोग्य संस्थेच्या मदतीनं काम करणाऱ्या तज्ज्ञ गटानं २००७ मध्येच निष्कर्ष काढला होता की मोठ्यांच्या व्यवस्थेत पाठवलेली मुलं पुढे जास्त हिंसा करतात. जर्मनीत तर अठरा ते एकवीस वयाच्या तरुणालाही, त्याची वाढ बघून, मुलांचा कायदा लावता येतो.

तुम्ही म्हणाल, रेषा अठराला ठेवली तरी तारखेचा घोळ राहणारच. राहणार. अटकेच्या कागदावर 'वय अंदाजे १९' लिहून सतरा वर्षांचा मुलगा थेट तुरुंगात गेलेला मी शोधून काढलाय. पुण्यातल्या १९९४ च्या सात जणांच्या हत्येत फाशीची शिक्षा झालेला एक जण गुन्ह्याच्या वेळी फक्त साडेबारा वर्षांचा होता. राजस्थानातल्या शाळेच्या रजिस्टरात त्याचं नाव वेगळं होतं. ते जुळवून सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२३ मध्ये त्याला सोडलं, तोवर अठ्ठावीस वर्षं आत गेली होती. म्हणून तर दोन रेषा नकोत. एकाच मुलाला दोन ठिकाणी कागदाच्या भरवशावर कशाला सोडायचं?

मेलेल्या मुलाच्या घरचं काय, हे मी विसरलेले नाही. अशा एका बापाकडे मी गेले होते. ते माझ्या कामाचा भाग नव्हतं, तरी गेले. त्यांनी मुलाची सायकल भिंतीला टेकवून ठेवलेली होती, हवा भरलेली. म्हणाले, "त्याला तीन वर्षं, माझ्याला किती?" मला उत्तर देता आलं नाही, आजही येत नाही. पण एक मी त्यांच्याकडूनच शिकले. प्रकरण कुठवर आलं हे त्यांना दीड वर्षात कुणीही सांगितलं नव्हतं. मंडळाचं कामकाज बंद दाराआड चालतं, ते योग्यच आहे, पण म्हणून त्या घराला अंधारात ठेवायचं नसतं. नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करता येतो हेही त्यांना माहीत नव्हतं. खुनासारख्या गुन्ह्यात तीन वर्षं अपुरी वाटत असतील, तर मुलांच्याच व्यवस्थेत मुक्काम वाढवायची सोय करावी, दर सहा महिन्यांनी आढावा घेऊन, एकविसाव्या वर्षापर्यंत. यावर मी बोलायला तयार आहे. मुलाला मोठा ठरवायला मात्र माझा विरोध आहे.

आता दाखला. रजिस्टरात जे आहे तेच लिहा, एक दिवसही इकडे-तिकडे नको. वय कमी दाखवणारे बनावट दाखलेही मी मंडळापुढे उघडे पडलेले पाहिलेत, त्यात मुलाचंच नुकसान होतं. पण तारखेसोबत ती नोंद कशावरून घेतली तेही लिहा: जन्मदाखल्यावरून, की पालकांच्या तोंडी सांगण्यावरून, की आधीच्या शाळेच्या टीसीवरून. नुसता टीसी वयाचा पुरावा म्हणून पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२३ मध्ये सांगितलंय. त्यामुळे पहिलीत नाव जिथं घातलं त्या जिल्हा परिषद शाळेचं मूळ रजिस्टर बघा. तारीख १ जून असेल तर 'जन्मदाखला जोडलेला नाही' हे स्पष्ट नोंदवा, आणि ग्रामपंचायतीत जन्मनोंद आहे का ते पालकांना शोधायला सांगा. गुन्ह्याच्या दिवशीचं वय धरतात, अटकेच्या नाही. मंडळानं बोलावलं तर मूळ रजिस्टर घेऊन स्वतः जा, लिपिकाला पाठवू नका. मुलाला वकील नसेल तर विधी सेवा प्राधिकरण फुकट देतं. शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचं नाव किंवा फोटो फिरत असेल तर आजच काढायला लावा, तो गुन्हा आहे.

आणि दोन्ही घरी जा. आधी ज्यांचं पोर गेलं त्यांच्याकडे.

दहावीचा बोर्डाचा फॉर्म सुटू देऊ नका. मुलाचं नाव पटावर ठेवा. निरीक्षणगृहाच्या अधीक्षकांना पत्र देऊन सही-फोटो मागवून घ्या आणि मुदतीत भरा. परीक्षेला न्यायची परवानगी मंडळ देतं, पण अर्ज महिनाभर आधी पोचलेला बरा, बंदोबस्ताची गाडी आयत्या वेळी मिळत नाही. पोलिसांनी सोबत साध्या कपड्यात यावं असं त्याच अर्जात लिहा. मराठीचा पहिला पेपर असतो, त्या दिवशी केंद्रावर तुम्ही स्वतः थांबा.